ओळखीशिवाय औषध नाही

आमचे घरमालक कोणाच्या हातावर औषध ठेवत नसत. ते माणसाला झाडाकडे घेऊन जात.

खोकला आहे, भूक लागत नाही, झोप येत नाही, गुडघे दुखतात, असं सांगत कोणी ओसरीवर येऊन बसलं की गुरुजी सगळं ऐकून घेत, जीभ बाहेर काढायला लावत, काल दोन्ही वेळा काय खाल्लं ते विचारत, आणि मग खुंटीवरची टोपी डोक्यावर घालून म्हणत, "चाला." घरात पाल्याची, सालीची किंवा मुळीची एकही पुडी नसायची. ज्याला औषध हवं त्यानं झाडापर्यंत चालत जायचं, झाड नीट पाहायचं, परीक्षा द्यायची, आणि पास झाला तर आपल्या हातानं तोडून आणायचं. कोणी कुरकुर केली तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "अनोळखी माणसाले घरात घेता का तुमी? नाई ना? मंग अनोळखी झाड पोटात काऊन घेता?"

मी सिंदेवाहीला पाच वर्षं दोन महिने होतो, १९८३ ते १९८८. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन फार दिवस झाले नव्हते आणि ऑफिसातल्या निम्म्या फाईलींवर अजून जुनेच शिक्के होते. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात. तालुक्यातल्या तलावांच्या पाण्याची पातळी मोजायची आणि नोंदवायची, एवढंच काम. मोजायची सवय मला नोकरीनं लावली की सवय होती म्हणून ती नोकरी जमली, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. स्वयंपाकाला आणि सोबतीला आई नागपूरहून येऊन राहिली होती. गुरुजींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या.

गुरुजी प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षं नोकरी, तीही बहुतेक जंगलातल्या एकशिक्षकी शाळांवर. त्यांच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात मंत्र, अंगारा, लिंबू, उतारा यांना थारा नव्हता. झाडपाला मात्र त्यांनी सोडला नाही. आमच्या भागात झाडपाल्याचं औषध देणारी माणसं पुष्कळ होती, आणि बहुतेकांचा नियम असा की झाडाचं नाव सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. गुरुजींना याचा मनस्वी राग. ते म्हणत, "झाकून ठेवलेलं पुस्तक कोणाच्या कामाचं हाय जी? वाळवीच्या!"

त्यांची परीक्षा खरोखरच परीक्षा असे. झाडासमोर माणसाला उभं करायचे. पान वरून पाहा, खालून पाहा, चुरगळा, वास घ्या, साल नखानं खरवडा. हे झालं की मुख्य प्रश्न यायचा, "आता याचा भाऊ सांगा." म्हणजे याच्यासारखं दिसणारं, पण हे नसणारं दुसरं झाड कोणतं. भाऊ ओळखता आला नाही तर नापास. नापास माणसाला औषध मिळत नसे. पुढच्या दिवशी परत चालायचं. जो पास होईल त्याचं नाव, झाड आणि तारीख ते एका जुन्या हजेरीपटात लिहून ठेवत. हजेरीपट त्यांनी शाळेतून आणला नव्हता, विकत घेतला होता, हेही त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं.

ठाण्यातल्या एका हवालदाराची गोष्ट गावात पुष्कळ दिवस चालली. त्याला पोट साफ न होण्याचा त्रास. औषध हिरडा, आणि हिरड्याचा भाऊ बेहडा. हिरड्याच्या फळाला अंगावर उभ्या कडा असतात, बेहड्याचं फळ गोल आणि मऊ लवेचं, एवढाच फरक सांगायचा होता. हवालदार दोनदा नापास झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या मागं मागं जंगलाच्या वाटेनं जात असताना त्याला एकाएकी झुडपाआड जावं लागलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "गुरुजी, आता परीक्षा राहू द्या. कामच झालं."

"मंग वापस जा," गुरुजी म्हणाले. "पण पटात तुमी नापासच राह्यसान, सांगून ठेवतो."

मला या प्रकरणात रस वाटला तो वेगळ्या कारणानं. हिरड्याचं झाड घरापासून माझ्या पावलांनी २,३५० पावलं. जाऊन येऊन ४,७००. तीन दिवसांत तो बसून राहणारा माणूस दहा हजारांहून जास्त पावलं चालला होता. मी मग सगळ्याच झाडांची अंतरं मोजली. अडुळसा शाळेच्या कुंपणापाशी, ४१० पावलं. विहारामागच्या कडुनिंबावरची गुळवेल १,१५०. शतावरी ओढ्यापलीकडे, ५,२००. आणि मला असं दिसलं की ज्यांची तक्रार नेमकी नसायची, म्हणजे उदास वाटतं, अन्नावर मन नाही, झोप येत नाही, त्यांना गुरुजी नेमके लांबच्या झाडाकडे नेतात. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो की निम्मा गुण चालण्याचा असावा.

त्यांनी आकडे बारकाईनं पाहिले. एका ठिकाणी बेरीज चुकली होती ती दुरुस्त केली. मग म्हणाले, "तं अर्धं पायाले देऊन टाका अन् अर्धं झाडाले. माणूस बरा झाला ना? मले कायले मधात ओढता?"

स्वतः ते रोज सकाळी भुईनिंबाचा अर्धा पेला काढा घेत. तो इतका कडू की मी एकदा बोट बुडवून चाटलं आणि दुपारच्या वरणभातापर्यंत तोंड कडू राहिलं. झोपताना हिरड्याची चिमूट. पावसाळ्यात तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी, उन्हाळ्यात मोहफुलं भाजून तिळाबरोबर कुटलेली, थंडीत आवळा, तोही मीठ न लावता. साखर त्यांच्या घरात येत नसे. त्यामुळे त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणत असे, रोज दुपारी तीनला आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईच्या हातचा गोड चहा घेत. "लग्नाले छत्तीस वर्षं झाले," त्या आईला सांगत, "अन् या माणसानं मले सगळं जंगल चारलं." गुरुजींना हे ठाऊक होतं. तीनच्या सुमाराला ते नेमके मागच्या अंगणात येत नसत.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली नाही तर चित्र खोटं होईल. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. ताप. साप. गरोदर बाई. अंगावरचं लेकरू. खाली लिहिलं होतं, "यांनी सरळ दवाखान्यात जावे." ताप घेऊन कोणी आलं तर ते जीभही पाहत नसत. "तापाले झाड नाई, काच," असं म्हणत, म्हणजे रक्त तपासायची काचपट्टी, आणि गरज पडली तर स्वतः हात धरून दवाखान्यात नेऊन बसवत. आमच्या भागात हिवताप दर वर्षी माणसं नेत असे. त्यांच्या चौतीस वर्षांच्या शाळांतल्या किती मुलांची नावं पटावरून त्यामुळे कमी करावी लागली, तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांनी मला एकदाच सांगितला. मी तो वहीत लिहिला नाही.

८६ सालच्या नोव्हेंबरात आईला हिवताप झाला. काचपट्टी झाली, गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला, ताप गेला. पण भूक परत येईना. धान्याच्या दुकानातल्या काट्यावर मी तिला दर रविवारी उभी करत असे. सत्तेचाळीस किलोंची ती तीन आठवड्यांत एक्केचाळीसवर आली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की गोळ्यांचं काम झालं आहे, आता हळूहळू भरून येईल, खायला घाला. पण ती दोन घासांवर ताट सरकवत असे.

"गुरुजी," तिनं एक दिवस पडल्या पडल्या हाक मारली, "सगळ्या गावाले फिरवता, मलेच तेवढं काहून नाई देत?"

अशा अशक्तपणाला त्यांचं झाड म्हणजे गुळवेल. पण अडचण अशी झाली होती की आईला ओसरीपर्यंतही चालवत नव्हतं, आणि गुरुजी स्वतः आठ दिवसांपूर्वी तलावाच्या पाळीवरून घसरून गुडघा सुजवून बसले होते. रोगी जाऊ शकत नाही आणि मास्तरही जाऊ शकत नाही, असं आजवर झालं नव्हतं. ते दोन दिवस विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मी मेल्यावर थे झाडच येईन का मले भेटाले?"

गुरुजी हसले, पण त्यांना ते लागलं. त्यांनी मला बोलावलं. "भाऊ, तुमी गुळवेलीत पास हाव. पटात नाव हाय तुमचं. तुमी जा."

मी पास होतो हे खरं होतं. खुणा मला पाठ होत्या. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. खोडाची साल कागदासारखी सुटते आणि आत हिरवं दिसतं. आडवा काप घेतला तर आत गाडीच्या चाकासारख्या आऱ्या. वरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबतात. भाऊ पहाडवेल, पण तिचं पान मखमली आणि वेल बारीक. त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी विहारामागं गेलो, तर कडुनिंबाच्या फांद्या तारांच्या आड येतात म्हणून छाटल्या होत्या आणि वेल वाळून लोंबत होती. मी हात हलवत परत जाणारा माणूस नाही. तसाच पुढं तलावाच्या पाळीनं गेलो, आणि आणखी १,९०० पावलांवर मला दुसरी गुळवेल मिळाली. पहिलीपेक्षा जाड, माझ्या अंगठ्याएवढी. चारही खुणा तपासल्या. जमिनीपासून चार फुटांवर काप घेतला. वीतभर लांबीचे सात तुकडे, वजनाला सारखे वाटावेत असे निवडून, फडक्यात बांधून आणले.

गुरुजींनी तुकडे हातात घेऊन पाहिले. साल सोलली, काप पाहिला, जिभेला लावला. "चांगली आणली," म्हणाले. मला फार बरं वाटलं. वेल कुठली, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रात्रभर तुकडे ठेचून पाण्यात भिजले. सकाळी चार कप पाण्याचे दोन केले. सात वाजता आईनं नाक दाबून एक कप घेतला. एक कप दुपारसाठी झाकून ठेवला.

साडेआठला मी डबा घेऊन निघालो तेव्हा गुरुजी ओसरीवर पाय लांब करून बसले होते. सहज म्हणाले, "विहारामागची वेल भरली असन यंदा?"

"ती वाळली, गुरुजी. फांद्या छाटल्या ना. मी पाळीवरची आणली. तिथून १,९०० पावलं."

"पाळीवर कोणत्या झाडावर?"

मी सांगितलं. पाळीच्या उतरणीला, सांडव्याच्या अलीकडे साठ पावलं. खोडाचा घेर अंदाजे तीन फूट. वेल जमिनीपासून चार फुटांवर कापली, वर पंधरा फुटांपर्यंत गेलेली आहे.

"झाडाचं नाव विचारून राह्यलो मी."

मला नाव सांगता येईना. मी वेल पाहिली होती. ती ज्यावर चढली होती त्याच्याकडे मी पाहिलंच नव्हतं, घेर सोडून.

"फळं होते का त्याले?"

"होती. गोल. छोट्या संत्र्यासारखी, नारिंगी."

गुरुजींचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "काजरा."

काजऱ्याचं बी विषारी असतं, हे मलाही ऐकून माहीत होतं. पण मी बी आणलं नव्हतं, वेल आणली होती. तसं मी म्हणालोही. तेव्हा त्यांनी मला सांगितलं ते तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. गुळवेल ज्या झाडावर चढते त्याचा गुण घेते. कडुनिंबावरची सगळ्यात चांगली. आंब्यावरची चालते. काजऱ्यावरच्या वेलीला कोणी हात लावत नाही.

हे बोलत असतानाच ते भिंतीला धरून उठले. लंगडत आमच्या स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, आईला पाहायला गेले. मी मागोमाग गेलो तर त्यांनी झाकण काढून दुपारचा कप तोंडाला लावला होता. मी हात धरेपर्यंत तो रिकामा झाला होता.

"हे काय केलं, गुरुजी!"

"बाईनं जेवढं घेतलं तेवढं मी घेतलं. आता जे होईन थे दोघाले होईन. मले बोलता येते, काय होते थे डॉक्टरले सांगता येईन."

त्या भीतीतही माझ्या डोक्यात आकडेच आले. मी म्हणालो, "अहो, तिचं वजन एक्केचाळीस. तुमचं साठच्या वर. तुम्हाला होईल तेव्हा तिला आधीच झालेलं असेल. याचा काय उपयोग?"

हिशोब पटला असावा. "मंग अजून अर्धा कप हाय का?" त्यांनी विचारलं.

नव्हता. मी सायकलरिक्षा आणली. आई वाटेत म्हणत होती, "मले काई नाई झालं. गुरुजी, तुमीच पांढरे पडले." काकू मागून पायी येत होत्या आणि सगळ्या रस्त्यानं बोलत होत्या. "छत्तीस वर्षं जंगल चारलं मले, आता जहर प्यायचंच तेवढं राह्यलं होतं यायचं!"

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्यावर उखडले. "एक पेशंट आणायचा होता, दोन का आणले?" मग गुरुजींकडे वळले. "तुम्ही शिकलेले आहात ना?"

"हाव जी," गुरुजी म्हणाले. "म्हणूनच."

डॉक्टर म्हणाले की वेलीत झाडाचं विष उतरतं का, हे त्यांच्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. उतरत नसेलही. पण ते पैज लावणार नव्हते. जबडा आखडला, मान ताठ झाली, आवाजानं दचकून अंगाला झटका आला तर ताबडतोब सांगायचं. दोघांना शेजारी शेजारी खाटा दिल्या. मी मधल्या स्टुलावर बसलो आणि दर पंधरा मिनिटांनी दोघांची नाडी मोजून डब्याच्या कागदावर लिहीत राहिलो. नऊ ते चार, एकोणतीस नोंदी. आईची ८४ ते ९२. गुरुजींची पहिल्या तासात १०४ पर्यंत गेली होती. ती विषानं नव्हती हे तेव्हाही कळत होतं.

कोणी दार आपटलं की मी दोघांकडे पाहत असे. ते दोघं एकमेकांकडे पाहत.

साडेअकराला आई म्हणाली, "पोटात कसंतरी होऊन राह्यलं." मी उठलो. गुरुजी कोपरावर उठून बसले.

"कसं होते, बाई? पिळ पडते का? मान वळवून दाखवा."

आईनं मान दोन्हीकडे वळवून दाखवली. थोडा विचार केला. "भूक लागली वाटते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला दोन वाजेपर्यंत काही खाऊ दिलं नाही. दोनला काकूंनी घरून भात आणि अंबाडीची भाजी आणली आणि महिन्याभरात पहिल्यांदाच आईला पुन्हा भात वाढून घेताना मी पाहिलं. गुरुजींनी काही खाल्लं नाही. चारनंतर डॉक्टरांनी दोघांना सोडलं. आईला भूक गुळवेलीनं लागली, की गोळ्यांनंतर ती तशीही परत यायचीच होती, की भीतीनं, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. आजही येत नाही. हल्ली औषधांच्या दुकानात गुळवेलीच्या गोळ्या बाटलीत मिळतात. बाटलीवर किती गोळ्या आणि किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. मी वाचून परत ठेवतो.

पुढचे दोन दिवस गुरुजी आतल्या खोलीत हजेरीपट घेऊन बसले. ओसरीवर आलेल्या माणसांना काकूंनी परत पाठवलं. मी दोनदा जाऊन म्हणालो की चूक माझी, मी वर पाहायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. हजेरीपट उघडा होता.

"तुमी पास झालते ना, भाऊ?"

"हो."

"मी काय काय विचारलं होतं?"

मी सांगितलं. पान, साल, काप, मुळं, भाऊ.

"झाड कोणतं, हे विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं.

"नाईच विचारलं. दर वेळी मीच नेत होतो, अन् दर वेळी त्याच कडुनिंबाखाली. कडुनिंब डोळ्यासमोरच हाय, त्याचं काय विचारायचं, असं वाटलं मले." त्यांनी पटावर बोट ठेवलं. "पेपर काढणारानं सवालच टाकला नाई, तं पोराची काय चुकी? असे एकतीस लोक पास केले मी. तुमी त्यातले एक."

दुसऱ्या दिवसापासून, गुडघा पुरता उतरलेला नसताना, ते हातात काठी घेऊन त्या घरांना जायला निघाले. काकूंनी दार अडवलं. मीही म्हणालो की निरोप पाठवू, लोक येतील. ते म्हणाले, "शिकवाले मी गेलतो. राह्यलेलं सांगाले थे काऊन येतीन?" मी सकाळी ऑफिसच्या आधी आणि रविवारी पूर्ण दिवस त्यांच्याबरोबर जात असे. मला सोडून तीस घरं. अकरा दिवस लागले.

प्रत्येक दारात ते टोपी काढून एकच वाक्य बोलत. "गुळवेल सांगतली तेव्हा एक गोष्ट सांगाची राह्यली होती माह्याकून." आणि ती सांगत. प्रत्येक दारात लोक हसत. एका शेतकऱ्यानं तर नांगर खाली ठेवून हसून घेतलं. "गुरुजी, हे तं कोंबडीच्या पिलाले बी माहीत हाय!" एक म्हातारी म्हणाली, "माह्या मायनं मले सांगतलं, तिच्या मायनं तिले. तुमी कोणत्या शाळेत होते जी?" गुरुजी हसणाऱ्यांबरोबर हसत नसत. "माहीत हाय ना? बस," म्हणत, पटातल्या नावापुढं खूण करत आणि काठी टेकत पुढच्या घराकडे वळत. पंचविसाव्या घरानंतर मी म्हणालो की आता पुरे. इथं जन्मलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. माहीत नसणारा मी एकटाच निघालो, आणि माझं होऊन गेलं.

"पंचवीसचे पंचवीस पास झाले," ते म्हणाले. "राह्यले किती?"

"पाच."

"मंग चाला."

शेवटचं घर रेल्वेच्या रुळापलीकडे होतं. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून बदलून आलेलं एक कुटुंब. नवरा कामावर गेला होता. पटात नाव त्याचं होतं. त्याच्या बायकोनं दारात येऊन गुरुजींना ओळखलं, बसायला चटई टाकली. गुरुजी बसले नाहीत. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं.

ती हसली नाही. "म्हणजे कसं?" तिनं विचारलं.

गुरुजींनी पुन्हा सांगितलं. वेल कोणत्या झाडावर आहे ते पाहावं लागतं.

"असं काही आम्हाला माहीतच नव्हतं, गुरुजी. तुम्ही दाखवली तशी वेल आमच्या मागंच निघाली ना, पार कुंपणापाशी. मग तिथलीच घेतो. सासूबाई रोज घेतात."

"झाड कोणतं हाय थे?"

"आता झाडाचं कोण पाहतं? मोठं आहे एक."

"सासूबाई कुठी हाय?"

"झोपल्या आहेत. रात्रीपासून बरं नाही म्हणतात."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. घर आणि कुंपण यांच्या मधे तुराट्यांचा ढीग होता आणि त्यावरून त्यांना जाता येणार नव्हतं. ते जायला लागले तेव्हा काठी घसरली आणि त्यांनी मांडवाचा खांब धरला. मी पुढं गेलो. कुंपणापाशी पोचलो आणि वेलीकडे न पाहता मान वर केली.

"आंबा हाय, गुरुजी!" मी ओरडलो.

त्यांनी नुसता हात पुढं केला. त्यांचा विश्वास बसला नसावा, आणि माझ्या बाबतीत तो बसावा असं काही मी केलंही नव्हतं. मी हात उंचावून एक डहाळी ओढली, पान तोडलं आणि तुराट्यांवरून परत येऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. पुन्हा एकदा नेलं. मग जिथं उभे होते तिथंच, त्या अंगणात, खांबाला धरून हळूहळू खाली बसले. दुखरा पाय सरळ करायचंही त्यांना सुचलं नाही.

आतून म्हातारीचा झोपमोड झालेला, चांगला खणखणीत आवाज आला. "कोण बोंबलून राह्यलं गं एवढ्या सकाळी?"

"गुरुजी आले आहेत," सुनेनं सांगितलं.

गुरुजींनी टोपीनं तोंड पुसलं आणि ती डोक्यावर न घालता तशीच हातात धरून बराच वेळ बसून राहिले.